स्तनातील गाठीत मार्कर क्लिप बसवून घेताना: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी द्यायची असे ठरले की डॉक्टरांच्या कागदावर ‘केमोपूर्वी क्लिप’ अशी एक छोटी ओळ येते. घाईच्या ओपीडीत या ओळीचा अर्थ उलगडून सांगायला कुणाला वेळ नसतो, आणि मग तिथून चुकांची मालिका सुरू होते. कुणी ती आणखी एक तपासणी समजून पुढे ढकलतात, कुणी केमोचे दोन-तीन डोस झाल्यावर चौकशी करतात, कुणी उपाशीपोटी येतात आणि टेबलावर चक्कर येते, तर कुणी क्लिप वेळेवर बसवून घेऊनही तिचा कागद गहाळ करतात. यातल्या बहुतेक चुका टाळता येण्यासारख्या आहेत, म्हणून ही प्रक्रिया येथे क्रमाने मांडली आहे. आपल्याकडे सर्वाधिक वेळा होणारी पद्धत म्हणजे सोनोग्राफीच्या मदतीने केमोपूर्वी क्लिप बसवणे. मुख्य भर तिच्यावर आहे, इतर पद्धतींचा उल्लेख जरुरीपुरता केला आहे.

## १. काय बसवणार आहेत, हे आधी नीट समजून घ्या

मार्कर किंवा क्लिप म्हणजे तिळाएवढा, साधारण २ ते ३ मिलिमीटरचा धातूचा तुकडा. तो बहुधा टायटॅनियमचा असतो. सुईतून तो गाठीच्या मध्यभागी सोडतात आणि तो तिथेच राहतो. तो हाताला लागत नाही, टोचत नाही, गंजत नाही, आणि त्यातून कोणताही किरणोत्सर्ग होत नाही. त्याचे काम एकच: गाठ कुठे होती ती जागा दाखवत राहणे.

ही खूण का लागते, हे कळले की पुढची सगळी घाई आणि काळजी समजते. केमोथेरपी सहसा काही महिने चालते आणि चांगला परिणाम झाला तर गाठ इतकी आटते की ती हाताला, सोनोग्राफीत किंवा मॅमोग्राफीत कुठेच दिसत नाही. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण गाठ दिसेनाशी झाली म्हणून त्या जागेवरची शस्त्रक्रिया टळत नाही, कारण तिथे सूक्ष्म पेशी उरलेल्या असू शकतात आणि ती जागा काढून तपासल्याशिवाय ते कळत नाही. स्तन वाचवून फक्त तेवढा भाग काढायचा असेल तर शल्यविशारदाला ‘तेवढा भाग’ नेमका कुठला हे कळायला हवे, आणि ते सांगणारी क्लिप नसेल तर अंदाजाने जास्त भाग काढावा लागतो किंवा संपूर्ण स्तन काढण्याचा निर्णय घ्यावा लागतो.

येथे दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. क्लिप वेगळी आणि तार वेगळी. तार शल्यविशारदाला त्या जागेपर्यंत वाट दाखवण्यासाठी शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी घालतात, तिचे टोक त्वचेबाहेर राहते आणि ती शस्त्रक्रियेतच निघते. क्लिप काही महिने आधी बसते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. क्लिप असली तरी शस्त्रक्रियेच्या वेळी तारेची गरज पडू शकते. ‘क्लिप बसवली आहे, मग पुन्हा सुई कशाला’ या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

क्लिप फक्त कर्करोगातच बसवतात असेही नाही. लहान गाठीची किंवा कॅल्शियमच्या बारीक ठिपक्यांची बायप्सी झाली की तिथेही खूण ठेवतात. अहवाल साधा आला तर ती क्लिप आयुष्यभर तशीच राहते आणि पुढच्या प्रत्येक मॅमोग्राफीत सांगते की या जागेची तपासणी झालेली आहे, पुन्हा सुई घालण्याचे कारण नाही.

## २. क्रम ठरवून घ्या. बहुतेक नुकसान येथेच होते

योग्य क्रम असा असतो: मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी, मग बायप्सी, मग विस्तार मोजण्यासाठी सांगितला असेल तर एमआरआय, मग क्लिप, मग क्लिप जागेवर आहे हे दाखवणारी मॅमोग्राफी, आणि त्यानंतर केमोचा पहिला डोस. अनेक ठिकाणी बायप्सीच्या वेळीच, त्याच सुईच्या वाटेने क्लिप सोडतात. आपल्याकडे पुष्कळदा ती बायप्सीचा अहवाल येईपर्यंत थांबून बसवतात, कारण आयात केलेल्या मार्करची किंमत काही हजार रुपयांच्या घरात जाते आणि गाठ साधी निघाली तर तो खर्च वाया जातो. दोन्ही पद्धती योग्य आहेत. अडचण होते ती अहवाल आल्यावर केमोची तारीख लगेच मिळते आणि क्लिपची मिळत नाही तेव्हा.

तारीख जुळत नसेल तर केमो सुरू करून टाकायची की थांबायचे, हे स्वतः ठरवू नका. कर्करोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारा: ‘क्लिप न बसवता पहिला डोस घेतला तर चालेल का, आणि मग क्लिप कोणत्या डोसापूर्वी बसवायची?’ गाठ मोठी असेल तर काही डॉक्टर पहिल्या किंवा दुसऱ्या डोसानंतर बसवणेही मान्य करतात. गाठ लहान असेल किंवा औषधाला झपाट्याने दाद देणाऱ्या प्रकारची असेल तर तेवढी सवड नसते.

सावधान: केमो सुरू झाल्यावर क्लिप बसवायची वेळ आली तर डोसानंतरचा दुसरा आठवडा टाळतात, कारण साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स सर्वांत खाली असतात आणि संसर्ग व रक्तस्राव या दोहोंची भीती वाढते. पुढच्या डोसाच्या एक-दोन दिवस आधी, ताजा सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा अहवाल) पाहून ती बसवणे अधिक सुरक्षित.

केमो नाशिकला किंवा नांदेडला आणि शस्त्रक्रिया मुंबई-पुण्याला, असे ज्यांचे ठरले आहे त्यांनी आणखी एक गोष्ट करावी. क्लिप कुठे बसवायची हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. ‘तिकडे गेल्यावर बघतील’ असे म्हणून निघालेली रुग्ण तिकडे पोहोचते तेव्हा केमो संपलेली असते आणि खूण करायला गाठ उरलेली नसते.

काखेतल्या गाठीचाही प्रश्न याच वेळी विचारा. काखेतल्या लसीका ग्रंथीत कर्करोग सापडला असेल तर त्या ग्रंथीतही वेगळी क्लिप ठेवता येते. केमोनंतर नेमकी तीच ग्रंथी शोधून काढता आली तर काखेची पूर्ण सफाई, म्हणजे तिथल्या ग्रंथी सरसकट काढणे, टाळावी का, याचा निर्णय अधिक भरवशाने घेता येतो. सर्व केंद्रांत ही पद्धत वापरली जात नाही, पण विचारायला हरकत नाही.

## ३. आठवडाभर आधी: औषधे, ॲलर्जी आणि खर्च

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबाबत दोन टोकांच्या चुका होतात. काहीजणी त्या चालू असल्याचे सांगतच नाहीत, कारण ‘ती हृदयाची गोळी आहे, स्तनाशी तिचा काय संबंध’ असे वाटते. तर काहीजणी शेजारणीच्या सल्ल्याने आठवडाभर आधीच बंद करतात. दुसरी चूक अधिक घातक आहे. स्टेंट बसवलेल्या व्यक्तीने ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल परस्पर थांबवल्यास हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, तर क्लिपच्या बारीक सुईने होणारा रक्तस्राव बहुधा दाबून थांबतो. त्यामुळे अनेक रेडिओलॉजिस्ट या गोळ्या चालू ठेवूनच क्लिप बसवतात. वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम चालू असेल तर आयएनआरचा (रक्त किती पातळ झाले आहे ते सांगणाऱ्या तपासणीचा) ताजा अहवाल बरोबर न्यावा. गोळी थांबवायची की नाही, हे ती गोळी लिहून देणारे डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्ट यांनी मिळून ठरवायचे आहे.

पुढील बाबी न विचारताही सांगा: भुलेच्या इंजेक्शनाचा पूर्वी झालेला त्रास, निकेलची ॲलर्जी (नकली दागिन्यांनी कान किंवा मनगट चिघळत असेल तर ती असू शकते), स्तनात असलेले इम्प्लांट, गरोदरपण, अंगावर दूध पाजणे, पेसमेकर, आणि खांदा आखडलेला असणे. शेवटची बाब बारीक वाटते, पण हात डोक्यावर घेऊन पडायचे असते. खांदा वर जात नसेल तर ते आधी कळलेले बरे. काही मार्करभोवती प्राणिजन्य कोलॅजेनचे आवरण असते. ॲलर्जीमुळे किंवा आपल्या आचारामुळे ते नको असेल तर आधी बोलावे, म्हणजे निव्वळ धातूचा मार्कर मागवता येतो.

मार्करचा प्रकार आणि किंमत याच वेळी विचारा. काही केंद्रांत आयात केलेल्या मार्करऐवजी शस्त्रक्रियेत वापरली जाणारी टायटॅनियमची क्लिप सुईतून सोडतात. ती बरीच स्वस्त पडते आणि मॅमोग्राफीत उत्तम दिसते. सोनोग्राफीत मात्र आवरण असलेला मार्कर अधिक सहज सापडतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार चालू असतील तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून मार्करचा खर्च कशात धरला जाईल हे आधीच लिहून घ्यावे. बिलाच्या खिडकीवर कळले की तारीख हुकते.

तपासून घ्या: जुन्या मॅमोग्राफीच्या फिल्म किंवा सीडी, सोनोग्राफीचा अहवाल, बायप्सीचा अहवाल, सर्व औषधांची यादी आणि सांगितलेल्या रक्ततपासण्या एकाच फाइलमध्ये आहेत ना? नुसता अहवाल पुरत नाही. गाठ पुन्हा शोधायला चित्रे लागतात.

## ४. त्या दिवशी सकाळी

सोनोग्राफी म्हटले की उपाशी राहायचे आणि लघवी तुंबेपर्यंत पाणी प्यायचे, ही सवय आपल्याकडे पक्की आहे. ती पोटाच्या सोनोग्राफीची तयारी आहे. येथे तिचा काहीही उपयोग नाही. भूल फक्त त्या जागेपुरती असते. म्हणून हलका नाश्ता करूनच निघा आणि रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या नेहमीप्रमाणे घ्या. उपवासाचा दिवस असेल तर डॉक्टरांना सांगा आणि निदान फळे-दूध तरी घेऊन या. रिकामे पोट, भीती आणि सुई हे तिन्ही एकत्र आले की भोवळ येते, आणि मग सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. गुंगीचे औषध देणार असतील किंवा क्लिप एमआरआयखाली बसणार असेल तर सूचना वेगळ्या असतात. तेव्हा त्यांनी सांगितलेलेच पाळा.

आंघोळ करून या, पण नंतर छातीला आणि काखेत पावडर, डिओडरंट, तेल, बाम, हळद यातले काहीही लावू नका. पावडरचे आणि डिओडरंटचे कण मॅमोग्राफीत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि नसलेली शंका उभी राहते. पुढून उघडणारा ब्लाउज किंवा कुर्ता आणि खाली वेगळे वस्त्र असे दोन भागांतले कपडे सोयीचे. मंगळसूत्र, साखळी घरी ठेवता येत नसेल तर सोबतच्या माणसाकडे द्या. घरी परतताना घालायला तार नसलेली, घट्ट बसणारी सुती ब्रा पिशवीत ठेवा. सोबत एक माणूस हवाच. स्वतः स्कूटर चालवत परतण्याचा बेत नको.

## ५. टेबलावर काय होते

प्रथम संमतीपत्र. ते इंग्रजीत असेल तर मराठी प्रत मागा किंवा वाचून समजावून घ्या, मगच सही करा. कोणत्या बाजूचा स्तन, किती गाठी आणि किती क्लिप, एवढे तरी स्वतः वाचा. स्तनातली जागा घड्याळाच्या काट्यांवरून सांगतात: ‘उजवा स्तन, १० वाजता, निपलपासून ४ सेंमी’. तुमच्या सोनोग्राफीच्या अहवालातली ही ओळ आणि संमतीपत्रातली ओळ जुळायला हवी. पुरुष डॉक्टर असतील आणि संकोच वाटत असेल तर खोलीत परिचारिका हवी असे सांगा. ही मागणी रास्त आहे आणि ती मान्य व्हायलाच हवी.

तुम्हाला पाठीवर किंवा थोडे कुशीवर निजवतात, त्या बाजूचा हात डोक्यावर घ्यायला सांगतात आणि खांद्याखाली उशी देतात. गाठ सोनोग्राफीत पुन्हा शोधून जागा ठरवतात. त्वचा जंतुनाशकाने पुसतात. ते गार लागते. मग भुलेचे, म्हणजे लिग्नोकेनचे इंजेक्शन. सबंध प्रक्रियेत खरे दुखते ते येथे: काही सेकंद चुरचुर, जळजळ, आणि नंतर ती जागा बधिर होते. त्यानंतर दाब जाणवेल, ओढल्यासारखे वाटेल, पण धारदार वेदना होता कामा नये. झालीच तर लगेच सांगा, भूल वाढवता येते. सहन करत राहण्यात काही भले नाही, कारण दुखले की अंग आक्रसते आणि सुई हलते.

मार्करची सुई पेनाच्या रिफिलपेक्षा बारीक असते आणि तिच्या मागच्या टोकाला दट्ट्या असतो. ती छातीच्या भिंतीला समांतर, आडवी सरकवत नेतात, म्हणजे फुप्फुसाकडे टोक जात नाही. पडदा तुमच्याकडे वळलेला असेल तर करड्या चित्रात गाठ काळसर डागासारखी आणि सुई तिच्याकडे सरकणाऱ्या पांढऱ्या रेघेसारखी दिसेल. रेघेचे टोक डागाच्या मध्यभागी पोहोचले की दट्ट्या दाबतात, सुई मागे घेतात, आणि तिथे एक चमकता ठिपका उरतो. क्लिप सोडायला काही सेकंदच लागतात. सगळी तयारी धरून अर्धा तास.

सुई आत असताना बोलू नका, खोकू नका, मान उचलून पाहू नका. खोकला येतोय असे वाटले तर आधी सांगा, डॉक्टर थांबतील.

सुई निघाली की त्या जागेवर दहा मिनिटे दाब देतात आणि चिकटपट्टी लावतात. टाका लागत नाही.

कॅल्शियमच्या ठिपक्यांसाठी मॅमोग्राफीच्या यंत्रावर क्लिप बसवायची असेल तर स्तन दाबलेल्या स्थितीत बराच वेळ न हलता बसावे किंवा पालथे पडावे लागते. मान आणि खांदा अवघडतो. सुरुवातीलाच आरामशीर बसून घ्या, कारण मध्येच हललात तर मोजमाप पुन्हा करावे लागते.

## ६. मॅमोग्राफी झाल्याशिवाय निघू नका

क्लिप बसल्यावर दोन बाजूंनी मॅमोग्राफी करतात: एक वरून आणि एक कडेने. थकवा आलेला असतो, घरी निघायची घाई असते, आणि ‘नंतर करू’ म्हणून ही पायरी सर्वाधिक वेळा गाळली जाते. असे करू नका. क्लिप कुठे बसली याचा हाच पक्का पुरावा आहे. दाब हलकाच देतात. त्या केंद्रात मॅमोग्राफीचे यंत्र नसेल तर केमो सुरू होण्यापूर्वी दुसरीकडे ती करून घ्या.

कधीकधी क्लिप सरकते. विशेषतः स्तन दाबून बसवलेली क्लिप दाब सुटल्यावर सुईच्या वाटेने मागेपुढे जाऊ शकते. रक्त साकळले तरी ती ढकलली जाते. यात कुणाचा हलगर्जीपणा असतोच असे नाही. सरकलेली क्लिप काढायला पुन्हा कापाकापी करत नाहीत. ती गाठीपासून किती सेंमीवर आणि कोणत्या दिशेला आहे, हे अहवालात लिहितात, आणि अंतर जास्त असेल तर वेगळ्या आकाराची दुसरी क्लिप बसवतात. धोका आहे तो सरकलेली क्लिप कागदावर ‘जागेवर’ राहण्यात.

## ७. घरी पहिले दोन दिवस

आपल्याकडे दुखले की शेकायचे, ही पहिली प्रतिक्रिया. येथे गरम शेक नको. त्याने रक्तस्राव वाढतो. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून काही वेळा ठेवा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरते; आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नका. ब्रा रात्रीही घाला. चोवीस तास पट्टी कोरडी ठेवा, त्यानंतर आंघोळ चालते. खालची चिकटपट्टी आपोआप सुटेपर्यंत ओढू नका. हळद, लेप, मलम काही नको. पाण्याची कळशी, गॅसचे सिलिंडर, कपडे पिळणे, लहान मूल कडेवर घेणे ही कामे दोन दिवस दुसऱ्याने करावीत, आणि हे घरच्यांना त्या दिवशी सकाळीच सांगून ठेवावे.

निळसर-हिरवट डाग पडणे आणि हात लावल्यावर दुखणे आठवडा-दोन आठवडे राहू शकते. तिथे हाताला लागणारा नवा कठीणपणा बहुधा साकळलेल्या रक्ताचा असतो. गाठ वाढली असे समजून घाबरू नये.

पट्टीतून रक्त आले तर तीन बोटे सपाट ठेवून घड्याळ लावून दहा मिनिटे सलग दाबा. दर मिनिटाला उचलून पाहणे ही नेहमीची चूक, कारण त्याने धरलेली खपली सुटते.

ताबडतोब संपर्क साधा: सलग दाबूनही रक्त थांबत नसेल, स्तन झपाट्याने फुगून ताणला जात असेल, पू किंवा वाढती लाली दिसत असेल, ताप आला असेल, किंवा धाप लागून छातीत दुखत असेल तर. केमो सुरू झालेली असेल तर नुसता ताप हेही रुग्णालयात जाण्याचे पुरेसे कारण आहे.

## ८. क्लिपची नोंद सांभाळणे

अहवाल हातात आल्यावर त्यात पुढील गोष्टी आहेत का ते वाचा: बाजू, घड्याळाची जागा, निपलपासूनचे अंतर, क्लिपची संख्या, प्रत्येकीचा आकार, धातू, गाठीच्या तुलनेत तिची जागा, आणि एमआरआयबाबतची माहिती. आकाराला महत्त्व आहे. मार्कर फीत, वेटोळे, पंख अशा निरनिराळ्या आकारांत मिळतात. दोन गाठींत दोन वेगळे आकार ठेवले की सहा महिन्यांनंतरही कोणती क्लिप कुठल्या गाठीची हे चित्रावरून कळते. मार्करच्या वेष्टनावरचे स्टिकर किंवा कार्ड मिळाले तर ते फाइलला चिकटवा आणि त्याचा व क्लिपनंतरच्या मॅमोग्राफीचा मोबाइलवर फोटो काढून घरातल्या आणखी एका व्यक्तीकडे पाठवा.

पुढे कुठेही एमआरआय किंवा मॅमोग्राफी करताना तंत्रज्ञाला क्लिप असल्याचे सांगा आणि कार्ड दाखवा. टायटॅनियमच्या क्लिपमुळे एमआरआय अडत नाही, त्यामुळे त्या भीतीने तपासणी टाळू नये. विमानतळावरच्या धातुशोधक यंत्राचीही काळजी नको.

## ९. शस्त्रक्रियेच्या वेळी

केमोच्या मध्यावर आणि शेवटी सोनोग्राफी होते तेव्हा ‘क्लिप दिसते का’ हे विचारून अहवालात लिहून घ्या. शस्त्रक्रियेपूर्वीच्या भेटीत क्लिपनंतरची मॅमोग्राफी स्वतः पुढे करा. ती फाइलच्या तळाशी राहिली तर पाहिली जाईलच असे नाही. क्लिपपर्यंत पोहोचण्यासाठी तार घालणार की सोनोग्राफीने खूण करणार, ते त्याच वेळी ठरते.

स्तन वाचवण्याच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या भागाचा तिथल्या तिथे एक्स-रे घेऊन क्लिप त्यात आली आहे का ते पाहतात. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांना हा प्रश्न विचारा, आणि पॅथॉलॉजीचा अहवाल आल्यावर त्यात क्लिपचा उल्लेख शोधा. एकापेक्षा जास्त क्लिप बसवल्या असतील तर संख्या मोजा. काखेतली क्लिप यात विसरली जाते. उल्लेख नसेल किंवा संख्या जुळत नसेल तर पुढचा उपचार सुरू होण्यापूर्वी शल्यविशारदांना तो अहवाल दाखवून खुलासा लेखी घ्यावा.